सोवळ्यातला डबा

“...ते झालं. पण पास कोण झालं म्हणतोस?” उंबरबाबांनी विचारलं.

“यंत्र, बाबा! आजही पास! आल्यापासून एकदाही नापास नाही!”

“कोणाच्या परीक्षेत?”

“माझ्या.”

“अन् तुझी परीक्षा कोण घेते?”

प्रल्हाद सोनटक्के सगळे दात दाखवून हसला. “माझी कशाला, बाबा? परीक्षकाची कुठं परीक्षा असते?”

डोक्यावरच्या झाडावरून एक लालबुंद उंबर टपकन बाबांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते उचललं, फोडलं, आत बघितलं... आणि प्रल्हादच्या हातावर ठेवलं.

“खा.”

प्रल्हादनं आत डोकावून पाहिलं. आत बारीक पाखरांची जत्रा भरलेली. त्यानं फळ हळूच पाठीमागं टाकलं आणि हात धोतराला पुसला. धडा त्याला कळला नाही. कळणार कसा? माणूस आनंदात होता. आनंदातल्या माणसाला धडा दिला तर तो त्याला प्रसाद समजतो.

हा प्रल्हाद कोण, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मध्येच थांबायला नको.

सातपुड्याच्या पायथ्याला एक मठ होता. मठात उंबराचं झाड, झाडाखाली बाबा, आणि पलीकडं पत्र्याच्या छपराचा लहानसा दवाखाना. तालुक्याच्या डॉक्टर झाडेबाई आठवड्यातून एकदा यायच्या. बाकीचे दिवस दवाखान्याचा राजा प्रल्हाद. नागपुरात रक्त तपासायचं शिक्षण घेतलेला, बरी नोकरी सोडून बाबांचा शिष्य व्हायला आलेला. नोकरी सोडली, पण ऐट काही सोडली नाही. ती पिशवीत घालून बरोबर आणली. बाबांनी आपल्याला मंत्र द्यावा म्हणून तो मागं लागलेला, आणि बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, “पाहू.”

या ऐटीला मठात आल्यावर आणखी पालवी फुटली ती एका यंत्रामुळं.

यंत्र तळहाताएवढं. कुण्या दात्यानं मठाला दिलेलं. काम काय, तर रक्त किती वेळात गोठतं ते सांगायचं. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असते, त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी बसते, जास्त झाली तर साधं दात घासताना रक्त थांबत नाही. म्हणून सारखं तपासायचं. पूर्वी त्यासाठी जिल्ह्याला जायचं, दंडातून रक्त द्यायचं आणि दिवस घालवून परतायचं. आता रुग्ण खाटेवर पडल्या पडल्या बोट टोचायचं, थेंब कागदाच्या एका पट्टीवर ठेवायचा, पट्टी यंत्रात. यंत्र जरा विचार करतं आणि आकडा सांगतं. आकडा मोठा म्हणजे रक्त पातळ, आकडा लहान म्हणजे रक्त दाट. एवढं तर मठाच्या पुजाऱ्यांनाही कळलं होतं, म्हणजे तुम्हाला कळायला हरकत नाही.

पण यंत्रच खोटं बोललं तर?

त्यावरही कंपनीनं तोड काढलेली. बाटलीत एक द्रव मिळतो, त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचा आकडा किती यायला पाहिजे ते बाटलीवरच छापलेलं असतं. सकाळी आधी त्याचा थेंब यंत्राला द्यायचा. छापलेला आकडा आला तर यंत्र पास, मग माणसांकडं वळायचं.

प्रल्हाद हे रोज करायचा. आणि कसं करायचा!

भल्या सकाळी अंघोळ. मग सोवळं. मठाचे पुजारी नारोपंत यांनी फतवाच काढला होता की परीक्षेचं काम पवित्र, त्याला विटाळ चालायचा नाही. म्हणून कंट्रोलसाठी पट्ट्यांचा एक वेगळा डबा ठेवलेला. तो प्रल्हादच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, सोवळ्यात. त्याला प्रल्हादशिवाय कुणी हात लावायचा नाही. खोलीत कूलर. गार हवेत, ओल्या केसांनी, मांडी घालून प्रल्हाद त्या डब्यातली पट्टी काढायचा, बाटलीतला थेंब ठेवायचा, आकडा जुळला की शंख फुंकायचा. खरंच फुंकायचा. सगळ्या मठाला कळायचं, यंत्र पास.

मग आरती.

मठाची रीतच होती की नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू वाहायचं. पाण्याच्या मोटारीला वाहिलं, जीपला वाहिलं, पिठाच्या चक्कीला वाहिलं. पण त्यांचं दसऱ्याला. यंत्राचं मात्र रोज, कारण प्रल्हादचा हट्ट. देव्हाऱ्यापुढं पाटावर यंत्र मांडायचं. शेजारी वॉर्डातल्या पट्ट्यांचा डबा, समईला चिकटून, झाकण उघडं. देवाची नजर आत पडावी म्हणून उघडं! नारोपंत कापूर पेटवायचे, घंटा वाजवायचे, आणि शेवटी तुळशीच्या पानानं यंत्रावर आणि डब्यावर तीर्थ शिंपडायचे. एवढं झालं की डबा वॉर्डात जायचा आणि पत्र्याखालच्या खिडकीत, विदर्भातल्या उन्हात, दिवसभर बसायचा.

वाचणाऱ्यांपैकी जे हुशार आहेत त्यांनी आत्ताच गालात हसून घ्यावं. बाकीच्यांना आणि प्रल्हादला अजून वेळ लागणार आहे.

तर त्या सकाळी बाबा म्हणाले, “आण पाहू ती बाटली. परीक्षेची.”

प्रल्हाद धावत जाऊन कंट्रोलची बाटली घेऊन आला. आतमध्ये अजून बराच द्रव शिल्लक होता. बाबांनी बाटली उजेडाकडं धरली, उलटसुलट केली.

“हिला ताप येते?”

“नाही, बाबा.”

“हिला भूक, झोप?”

“बाटलीला कशी झोप, बाबा!”

“मग बरं आहे.” असं म्हणून बाबांनी ती कफनीच्या खिशात टाकली. प्रल्हादला वाटलं, म्हाताऱ्यांना खेळायला काहीतरी लागतंच. त्यानं मागितली नाही.

तेवढ्यात गयाबाई आली.

गयाबाई म्हणजे मठाच्या स्वयंपाकघराची मालकीण. पन्नाशी ओलांडलेली, तोंडानं तिखट. पंगतीचं वरण मोठ्या हंड्यात व्हायचं, ते दोन सेवेकरी हलवायचे. पण बाबांचं वरण गयाबाई स्वतः करायची, वेगळ्या छोट्या भगुण्यात, जिऱ्याची फोडणी देऊन, वर तूप सोडून. पंगतीला बाबांच्या पाटापुढं ती उभी राहायची आणि विचारायची, “वरण कसं हाय, बाबा?” बाबा म्हणायचे, “उत्तम.” की सेवेकरी लगेच ओरडायचे, “बाबा उत्तम म्हणाले!” आणि पंगत खाली मान घालून हंड्यातलं वरण गिळायची.

असो. तर गयाबाईच्या छातीत धातूची झडप होती. जिल्ह्याच्या ऑपरेशनानंतर ती झडप घड्याळासारखी टिकटिक वाजायची. रात्री अंगणात झोपली की शेजारच्या बायका म्हणायच्या, गया, घड्याळ बंद कर, झोप येत नाही.

“ये, गयामावशी,” प्रल्हाद म्हणाला. “आज फैसला.”

फैसला म्हणजे खरोखर फैसलाच होता. मागच्या तपासणीत यंत्रानं सांगितलं होतं की गयाबाईचं रक्त फार पातळ आहे. त्याच्या मागच्या वेळीही तेच. म्हणून झाडेबाईंनी गोळी आधी कमी केली, मग अर्धी केली. आणि आता फोनवर सांगून ठेवलेलं की आजही आकडा चढाच आला, तर गोळी काही दिवस बंदच करा.

वॉर्डात तिला खाटेवर बसवलं. प्रल्हादनं खिडकीतला डबा उचलला, पट्टी काढली, बोट टोचलं.

“हळू रे! सुई हाय का खिळा?”

“मावशी, हलू नका.”

यंत्रानं विचार केला. आकडा आला. पाचाच्याही वर.

“बघा!” प्रल्हाद लॉटरी लागल्यासारखा ओरडला. “पाण्यासारखं रक्त! आजपासून गोळी बंद.”

गयाबाई उठली नाही. पदराशी चाळा करत बसली.

“परल्हाद, एक सांगू का?”

“सांगा.”

“माहं घड्याळ हल्ली दबकं वाजते. पयले कसं टिक-टिक वाजे. आता कापसात गुंडाळल्यासारखं वाटते. अन् पायरी चढले की दम लागते.”

“वय झालं, मावशी.”

“वय तुह्या यंत्राचं झालं असंल!”

वॉर्डातले रुग्ण हसले. प्रल्हादला राग आला. ऐटबाज माणसाला शिवी चालते, हसणं चालत नाही. “यंत्र आज सकाळीच पास झालंय! सगळ्या मठानं शंख ऐकलाय! यंत्र म्हणतंय रक्त पातळ, तर रक्त पातळ. तुमच्या कानाचं ऐकू की कंपनीचं?”

दारात बाबा उभे होते. कधी आले ते कुणालाच कळलं नाही.

“गया,” ते म्हणाले, “जरा माझ्या मागून चालत जा.”

बाबांनी पाठ फिरवली आणि डोळे मिटले. गयाबाई त्यांच्या मागून गेली. परत आली.

...

“पयले तू मागून गेलीस की मले न पाहता समजे,” बाबा म्हणाले. “आज नाही समजलं.”

पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा तेवढा आवाज.

प्रल्हादनं यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला आणि मान ताठ केली. ऐट अशा वेळी फार कामाला येते.

“बाबा, यंत्र पास आहे,” तो म्हणाला. आवाज मात्र आधीपेक्षा एक पट्टी खाली.

“पास आहे ना? मग खेळू या.” बाबांचे डोळे लहान पोरासारखे चमकले. “नारोपंत, ते पांढरं धोतर आणा. इथं आडवं बांधा, खाटांच्या मध्ये. प्रल्हाद धोतराच्या अलीकडं. रुग्ण पलीकडं. प्रल्हादनं यंत्रात पट्टी लावून द्यायची, थेंब मी ठेवीन. आकडा पाहून त्यानं सांगायचं, पलीकडल्याले काय औषध.”

“तोंड न बघता?” प्रल्हादनं विचारलं.

“यंत्र तोंड पायते का?”

“नाही...”

“मग तुले काहून पायजे?”

आता मात्र प्रल्हादला चेव आला. भर वॉर्डात, सगळ्यांसमोर, आपल्या विद्येचा असा सोहळा! त्यानं बाह्या सरसावल्या. सदऱ्याला बाह्या नव्हत्या, तरी सरसावल्या. “आणा कुणालाही, बाबा! आकड्यावरून माणूस ओळखून दाखवतो!”

धोतर बांधलं. वॉर्डातले जे उठू शकत होते ते उठून उभे राहिले, जे उठू शकत नव्हते त्यांनी माना वर केल्या. नारोपंतांना तर इतका आनंद झाला की ते घंटा घेऊन आले. बाबांनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

पलीकडं खुसपुस झाली. खाट कुरकुरली. कुणीतरी पांघरूण झटकल्याचा आवाज.

“पेशंट झोपला,” बाबा म्हणाले. “दे.”

प्रल्हादनं खिडकीतल्या डब्यातून पट्टी काढून यंत्रात लावली आणि धोतराखालून हात घातला. यंत्र पलीकडं गेलं. जरा वेळानं यंत्र परत आलं.

प्रल्हादनं आकडा बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

“चारच्या वर! हाही पातळ! बाबा, हा गोळी किती घेतो?”

“विचारलं. सांगत नाही.”

“सांगत नाही? शुद्ध हरपली की काय? त्याची गोळी ताबडतोब बंद करा! दाढी करू देऊ नका! दात घासू देऊ नका! कुठं रक्त येतंय का बघा, हिरड्यांतून, नाकातून!”

“नाकच नाही दिसत.”

“म्हणजे सुजलाय! नारोपंत, जीप काढायला सांगा! बाबा, हात-पाय हलवतो का?”

“हलवत नाही.”

“श्वास?”

“...नाही घेत.”

“अहो नाडी तरी बघा!” प्रल्हाद किंचाळला.

“पाहिली. नाही लागत.”

प्रल्हादनं पुढं काही ऐकलं नाही. त्यानं धोतर ओरबाडून काढलं, गाठीसकट. आणि खाटेवर झेप घेतली.

खाटेवर उशी होती. उशीवर डोकं टेकून, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून, कपाळाला कुंकवाचा टिळा लावून, कंट्रोलची बाटली झोपलेली होती.

वॉर्ड हसला. असा हसला की पत्र्यावरचा कावळा उडून गेला. ज्या म्हाताऱ्याला कालपर्यंत खोकल्यानं बोलता येत नव्हतं तो हसता हसता खोकायचं विसरला. गयाबाईनं पदर तोंडात कोंबला. नारोपंत म्हणाले, “बाटलीची दाढी करायची नाही बरं का!” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत खाटेवर बसले.

फक्त दोन माणसं हसली नाहीत. बाबा आणि प्रल्हाद.

प्रल्हादनं बाटली उचलली. बाटलीवर छापलेला आकडा त्याला पाठ होता, तरी त्यानं वाचला. एकाच्या आसपास. निरोगी माणसाचा आकडा. यंत्रात मात्र चारच्या वर.

“पण... सकाळी तर... हीच बाटली...”

बाबांनी फक्त खिडकीतल्या डब्याकडं बघितलं. डब्याच्या कडेला कुंकू लागलेलं. झाकणाच्या आत तीर्थाचा एक थेंब वाळून डाग पडलेला. शेजारी तुळशीचं सुकलेलं पान.

प्रल्हादनं त्या डब्याकडं बघितलं. मग स्वतःच्या खोलीकडं. मग पुन्हा डब्याकडं.

आणि धावला.

त्या धावण्याची गोष्ट मठात अजून सांगतात. एक चप्पल उंबराखाली, दुसरी तुळशीपाशी, आणि सोवळ्याचं काय झालं ते विचारू नका. तो फ्रिज उघडून सोवळ्यातला डबा घेऊन आला, घामानं भिजलेल्या हातानं, पारोशा माणसांच्या गर्दीतून, कुणाला न विचारता. त्यातली पट्टी लावली. बाटलीतला थेंब ठेवला.

छापलेला आकडा आला. बरोब्बर.

खिडकीतल्या डब्यातली पट्टी लावली. चारच्या वर.

यंत्र खरं होतं. बाटली खरी होती. सोवळ्यातल्या पट्ट्या खऱ्या होत्या. रुग्णांच्या वाट्याला आलेल्या पट्ट्या तेवढ्या उन्हानं आणि तीर्थाच्या ओलीनं खोट्या पडल्या होत्या. आणि तो रोज सकाळी शंख फुंकत होता.

“मावशी,” प्रल्हाद म्हणाला, “बोट द्या.”

या वेळी गयाबाई खिळा म्हणाली नाही. तिनं गपचूप बोट दिलं. सोवळ्यातली पट्टी. थेंब. यंत्र विचार करत बसलं.

आकडा आला. दीडाच्याही खाली.

धातूच्या झडपेला अडीच-तीनच्या घरात आकडा लागतो. दीड म्हणजे रक्त दाट. म्हणजे झडपेवर गुठळी धरायला मोकळं रान. म्हणजे ते दबकं वाजणारं घड्याळ... आणि आपण तिची गोळी कमी करत करत आज बंद करायला निघालो होतो.

“जीप!” प्रल्हाद ओरडला. “जीप काढा!”

“बाटलीसाठी?” नारोपंतांनी डोळे पुसत विचारलं. त्यांचं हसणं अजून संपलं नव्हतं.

“मावशीसाठी!”

नारोपंतांचं हसणं संपलं.

झाडेबाईंना फोन लागला. प्रल्हादनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आरतीसकट. पलीकडून बाई म्हणाल्या, “सोनटक्के, रागवायला मला नंतर वेळ आहे. गोळ्यांचं काही ठरवू नका. आत्ता निघा. मी जिल्ह्याला हृदयाच्या डॉक्टरांना कळवते.”

जीपमध्ये गयाबाई पुढं बसली. मागं बसायला तिनं साफ नकार दिला. मागं बसले की मळमळते म्हणाली. प्रल्हाद मागं बसला, तिच्या खांद्यावरून पुढं कान लावून.

“काय ऐकून रायला, मेल्या?”

“घड्याळ, मावशी.”

“ऐक, ऐक. यंत्रानं नाई ऐकलं, तू तरी ऐक.”

जीप धुरळा उडवत गेली. घाटाच्या वळणावर प्रल्हादनं डोळे मिटले आणि टिकटिक शोधत राहिला. एखादा माणूस देवाचं नाव शोधत नसेल इतक्या तळमळीनं त्या बाईच्या छातीतला आवाज शोधत होता. पण हे मी सांगतोय. त्याला तेव्हा काही सुचत नव्हतं.

गयाबाईच्या झडपेवर गुठळी धरू लागली होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सलाईनमधून औषध सुरू केलं. एक दिवस कठीण गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच. मग एका दुपारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून म्हणाली, “अवं, तुमचं घड्याळ बंद करा ना, झोप येत नाही!”

खाटेशी बसलेला प्रल्हाद उठला आणि त्या अनोळखी बाईच्या पाया पडला. ती घाबरून उशीला टेकली.

गयाबाई मठात परतली तेव्हा शंख नारोपंतांनी फुंकला.

मधल्या काळात प्रल्हाद बदलला होता. खिडकीतला खराब डबा फेकला, सोवळ्यातला डबाही गेला. आता डबा एकच, झाकण घट्ट लावलेला, सावलीत ठेवलेला. सकाळी कंट्रोलची तपासणी वॉर्डातच व्हायची, खाटेशी, रुग्णांच्याच डब्यातल्या पट्टीनं. आणि अधूनमधून झाडेबाई किंवा कुणी रुग्ण बाटली पांघरुणात लपवून बोटाऐवजी तिचाच थेंब द्यायचा, प्रल्हादला न सांगता. वॉर्डानं बाटलीला एक नावही ठेवलं होतं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नारोपंत तेवढे कुरकुरले. आरती बंद कशी करायची? देवाचं काय? बाबांनी त्यांना यंत्राचं रिकामं खोकं दिलं आणि म्हणाले, “याची करा. मनापासून करा. तीर्थ भरपूर शिंपडा.” नारोपंत आजही करतात.

गयाबाईच्या परतण्याची पंगत बसली. मठ आनंदानं नुसता खदखदत होता. प्रल्हाद वाढायला होता. त्याची ऐट गेली होती, पण उत्साह गेला नव्हता. उत्साह आणि ऐट शेजारी शेजारी राहतात, एकीला काढलं तरी दुसरा जागा सोडत नाही. तो बाबांच्या पाटापुढं आला आणि वाकून म्हणाला, “बाबा, सगळं तपासून झालं. बीपीचं यंत्र, वजनकाटा, थर्मामीटर, सगळं! आता मठात न तपासलेलं काही उरलं नाही!”

“काही नाही?”

“काहीच नाही, बाबा!”

गयाबाई छोटं भगुणं घेऊन आली. जिऱ्याचा वास सगळ्या पंगतीवरून गेला. तिच्या छातीतलं घड्याळ स्पष्ट वाजत होतं, टिक-टिक, टिक-टिक, आणि बाबांनी मागं न बघता मान डोलावली.

तिनं पळी बुडवली.

बाबांनी हात आडवा धरला.

...

मग ते उठले. स्वतःचं ताट उचललं. पंगतीच्या अगदी शेवटाला गेले, जिथं खोकल्याचा म्हातारा बसला होता, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. हंडा हलवणाऱ्या सेवेकऱ्याकडं त्यांनी ताट पुढं केलं.

सेवेकऱ्यानं गयाबाईकडं बघितलं. गयाबाईनं छताकडं बघितलं. म्हाताऱ्यानं घाईघाईनं म्हटलं, “बाबा, हे... म्हणजे... तुम्ही नका...”

“वाढ.”

सेवेकऱ्यानं वाढलं. मोठ्या हंड्यातलं वरण ताटात पसरलं आणि पसरतच गेलं.

बाबांनी घास घेतला. डोळे मिटले. चावण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी बराच वेळ चावत राहिले.

पंगत थांबली. सगळ्यांचे घास हातात. सेवेकऱ्याच्या कपाळावर घाम. प्रल्हादला राहवलं नाही.

“बाबा... वरण कसं आहे?”

बाबांनी डोळे उघडले.

“थांब. आज पहिल्यांदाच खाऊन रायलो.”